एकोणतिसावा दिवस

आमच्या बाल्कनीच्या भिंतीला आठवड्यातून दोनदा पाणी मारावं लागतं, सोमवारी आणि गुरुवारी. हे मी चेष्टेनं सांगत नाही, घराच्या करारनाम्यात कलम चौदामध्ये तसं लिहिलेलं आहे. नव्या बांधकामाला पाणी मारतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण राहायला येऊन चार वर्षं झाली तरी एक माणूस झारी घेऊन भिंतीपुढं उभा आहे, हे बघायला सुरुवातीला पाहुणे मुद्दाम यायचे. आता सगळ्यांच्याच भिंती तसल्या झाल्यात, त्यामुळं कुणाला त्याचं अप्रूप उरलेलं नाही.

झारी धरणारा माणूस म्हणजे आमचे हे, धनाजी बर्गे, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सातारा स्टँडवर त्यांनी एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या. गाडीला उशीर झाला की प्रवासी खिडकीपाशी येऊन भांडायचे, आणि त्यावर ह्यांचा एक हमखास उपाय होता. खिडकी सोडून चहाला जायचं आणि अर्ध्या तासानं यायचं. तोवर एकतर गाडी आलेली असायची, नाहीतर प्रवासी दमलेला असायचा. हा उपाय त्यांनी घरीही तेवढ्याच निष्ठेनं चालवला.

मी सुवर्णा. जिल्हा परिषदेत आवक-जावक विभागात बत्तीस वर्षं काढली. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, तारीख टाकायची, क्रमांक द्यायचा आणि रजिस्टरात चढवायचा. बाहेर जाणाऱ्या कागदाचंही तेच. लोकांना हे काम हलकं वाटतं. पण ज्या कागदाला आवक क्रमांक नाही, तो कागद सरकारच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो, आणि हे भल्याभल्या साहेबांना माझ्या टेबलापाशी येऊन कळलेलं आहे. माझा नियम एकच होता, आजचा कागद आजच नोंदवायचा. या नियमानंच पुढं मला पेचात पकडलं.

आधी भिंतीचं सांगते. आमचं घर ज्या कंपनीनं बांधलं तिचं नाव 'नांदतं घर', आणि तिचं काँक्रीट सजीव होतं. म्हणजे असं, की काँक्रीट कालवताना त्यात एका जातीचे सूक्ष्म जिवाणू मिसळायचे. ते बीजरूपात असतात, कोरडे, गाढ झोपलेले. वर्षानुवर्षं तसेच पडून राहू शकतात. त्यांच्या शेजारी मातीच्या बारीक गोळ्यांत त्यांचं खाणं भरून ठेवलेलं असतं. भिंतीला भेग गेली की त्या गोळ्या फुटतात, भेगेतून हवा आणि पाणी आत शिरतं आणि जिवाणू जागे होतात. ते खाणं खातात आणि त्यातून चुनखडी तयार करतात. चुनखडी साठत साठत भेग बुजते, पाणी बंद होतं, जिवाणू पुन्हा झोपी जातात. पाणी मिळत राहिलं तर केसाएवढी भेग वीस-बावीस दिवसांत अशी बुजते, की बोट फिरवलं तरी लागत नाही. म्हणून ती झारी.

भिंतीत आणखी एक वस्तू होती. कार्बनचे अगदी बारीक धागे, त्यांतून सतत नाममात्र वीज खेळती ठेवलेली. भेग पडली की धागा ताणला जातो आणि वीज अडखळते. त्यावरून भेग कुठं आहे, किती रुंद आहे, हे कळतं. कुणाला कळतं, ते माहितीपत्रकात दिलेलं नव्हतं. आम्हाला आपला रोज सकाळी मोबाईलवर एक संदेश यायचा, 'तुमचं घर छान नांदतंय.' हे त्यालाही उलट 'धन्यवाद' लिहायचे.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. बाल्कनीतून अजिंक्यतारा समोर दिसतो. तिथं ह्यांची वेताची खुर्ची. सकाळचा चहा, पेपर, शब्दकोडं, सगळं त्या खुर्चीत. रविवारी दुपारी ह्यांचे तीन जुने सोबती यायचे, दोन ड्रायव्हर आणि एक कंडक्टर, चौघेही अंगापिंडानं भरलेले, आणि तिथंच रमी रंगायची.

जुलैतल्या एका सोमवारी बाल्कनी पुसताना मला भेग दिसली. भिंत आणि कोबा जिथं मिळतात त्या सांध्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी फडकं टाकलं, हात धुतले, करारनामा काढला आणि तासाभरात नोटीस लिहून पाठवली. कलम चौदा मला पाठ झालेलं आहे. दोष दिसल्यापासून सात दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यापासून तीस दिवसांत कंपनी तपासणी करणार. तपासणीत दोष आढळला तर कंपनी स्वखर्चानं दुरुस्त करणार. नाही आढळला, तर नोटीस निष्फळ. आणि एकाच जागेबद्दल तीन नोटिसा निष्फळ झाल्या, की त्या जागेची हमी संपली.

कंपनीत नोटिसा घ्यायला माणूस नव्हता. 'सचिव' नावाची एक संगणकप्रणाली होती, तीच पत्र वाचायची, तपासणीची तारीख ठरवायची, उत्तर धाडायची. मला ताबडतोब पोच मिळाली आणि एकोणतिसाव्या दिवसाची तारीख मिळाली.

त्या दिवशी मनस्वी तोडकर नावाची इंजिनिअर आली. तिशीच्या आतबाहेरची, खांद्याला जड पिशवी, बोलायला गोड. तिनं गुडघे टेकून सांधा बघितला, फोटो काढले आणि म्हणाली, "काकू, इथं तर काही नाहीये."

नव्हतंच. ह्यांनी सोमवार-गुरुवार न चुकता झारी चालवली होती. भेग भरून गेली होती.

"भरली की गं ती आपोआप," हे म्हणाले. "त्याचसाठी घेतलं ना हे घर? उगं कशाला जीव जाळतेस?"

नोव्हेंबरात तीच भेग, त्याच जागी, पुन्हा. मी पुन्हा त्याच दिवशी नोटीस दिली. सचिवानं पुन्हा एकोणतिसावा दिवस दिला. मनस्वी पुन्हा आली, तिनं पुन्हा गुडघे टेकले, पुन्हा भेग बुजलेली. या वेळी तिलाच कसंनुसं झालं. चहा घेताना म्हणाली, "मी आजवर दीडशे घरं तपासली काकू. एकातही दोष सापडला नाही. मला वाटायला लागलंय, एकतर आमचं काम फार चांगलं आहे, नाहीतर माझे डोळे खराब झालेत."

मी म्हटलं, "पाणी मारायचं बंद करतो. मग बघू कशी भरते."

ती ओशाळून म्हणाली, "तसं करू नका. पाणी मारलं नाही तर हमी त्याच दिवशी रद्द. तेही चौदामध्येच आहे."

आता हातात एकच नोटीस उरली होती आणि हमीची मुदत एकतीस मार्चला संपत होती. सगळी सरकारी कचेरी ज्या दिवशी डोक्यावर पाय घेऊन पळते, नेमक्या त्या दिवशी. मला भीती वाटत होती ती भेगेची नव्हती. एकाच जागी पुन्हा पुन्हा भेग का पडते, हे कुणी विचारत नव्हतं, त्याची होती. मी ह्यांची खुर्ची उचलून हॉलमध्ये आणली आणि बाल्कनीच्या दाराला कडी घातली.

ह्यांनी दोन दिवस तसेच काढले. मग म्हणाले, "साठी उलटलेल्या माणसानं टीव्हीकडं तोंड करून चहा प्यायचा का?"

"प्यायचा."

"भिंतीकडनं शीक जरा. कशी मुकाट्यानं आपली आपण भरून येती."

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. भिंतीकडून मी काय शिकणार होते? तीस वर्षं मी तेच करत आले होते. मला राग आला की हे चपला घालून बाहेर पडणार. भाजी आणतो, दूध बघतो, काहीही. परत येईपर्यंत माझा राग माझा मीच लिंपून टाकलेला असायचा. मग हे विचारणार, "काय झालं होतं गं?" आणि मी म्हणणार, "काही नाही."

एक गोष्ट मात्र नीटशी भरली नव्हती. शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख एक जून लावून टाकली, म्हणून मी एकतीस मेला निवृत्त झाले. निरोप समारंभ होता. पुढच्या रांगेत निवृत्त होणाऱ्या सगळ्यांचे घरचे बसले होते आणि ह्यांची खुर्ची मोकळी. स्टँडवरच्या कुणाच्या तरी मुलाचा साखरपुडा निघाला होता, हे तिकडं गेले. आठवड्यानं मला साडी आणली. विभागातल्या लोकांनी मला माझ्याच टेबलावरचा जुना लोखंडी तारखेचा शिक्का भेट दिला होता, चाकं फिरवून तारीख बदलायची, तसला. काय भेट मिळाली, हे ह्यांनी विचारलं नाही आणि मी दाखवलं नाही. तो कपाटात पडून होता.

तर ते असो. जानेवारीत मी सचिवाची दोन्ही उत्तरं काढून बसले. सरकारी पत्रात विषयाच्या खाली 'संदर्भ' असतो. कुठल्या कुठल्या कागदांवरून हे उत्तर दिलं, त्यांची यादी. जगात कुणीही तो वाचत नाही. पण आवक-जावकची माणसं पत्र तिथूनच वाचायला लागतात, कारण मागचा कागद शोधायचा तो संदर्भावरून. सचिवाला मराठी पत्रव्यवहार जुन्या सरकारी पत्रांवरून शिकवला असणार, कारण त्यानं संदर्भ अगदी व्यवस्थित दिला होता.

'संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ९ नोव्हेंबर. २) बाल्कनी क्र. ४०२ चा संदेश, दि. ८ नोव्हेंबर.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझ्या नोटिशीच्या आदल्या दिवशी माझ्या बाल्कनीनं कंपनीला कळवलं होतं. भेग मला दिसायच्या आधी ती कंपनीच्या दप्तरी नोंदली गेली होती.

"अहो," मी हाक मारली, "आपल्या बाल्कनीनं पत्र लिहिलंय."

हे हॉलमधल्या खुर्चीतून म्हणाले, "माझी आठवण काढली असंल."

आता काय करायचं, हे मला बत्तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. कार्यालय काम करील की नाही, ते सांगता येत नाही, पण कुठला कागद कधी आला, हे विचारलं तर रजिस्टर बघून सांगावंच लागतं. सचिव तर माणूसही नव्हता, की साहेब रजेवर आहेत म्हणून टाळील. चांगलं महिनाभर घोळवून, करारनाम्याशी शब्द न् शब्द ताडून बघून मी एक मार्चला पत्र धाडलं. विषय, माहिती मिळणेबाबत. 'बाल्कनी क्र. ४०२ कडून आपणास आजतागायत प्राप्त झालेल्या सर्व संदेशांचे दिनांक व मजकूर कळवावेत, ही विनंती.' नोटीस हा शब्द मी त्यात कुठंही येऊ दिला नाही.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'आपली तिसरी नोटीस प्राप्त झाली. तपासणी दि. ३० मार्च. मागितलेली माहिती सोबत जोडली आहे.'

 एका जागेबद्दल ग्राहकाचं पत्र आलं की ती नोटीस, असं त्याच्या डोक्यात बसवलेलं असणार. तीन महिने जपून ठेवलेली शेवटची नोटीस मी एका चौकशीच्या पत्रात घालवली होती. तीस मार्चला मनस्वी येणार, सांधा गुळगुळीत असणार, आणि दुसऱ्या दिवशी हमी संपणार.

हे झारी घेऊन चालले होते. माझं तोंड बघून झारी ठेवली आणि नेहमीप्रमाणे चपला शोधायला लागले. "मी जरा कोथिंबीर..."

"थांबा," मी म्हटलं. "तुम्हीही त्या सचिवासारखेच. तुम्हीही एकोणतिसाव्या दिवशी येता."

"म्हंजे?"

"म्हणजे माझं दुखत असतं तेव्हा तुम्ही घरात नसता. भरून आल्यावर येता आणि म्हणता, इथं तर काही नाही."

हे चपला पायात घालून तसेच उभे राहिले. मग चपला काढल्या आणि आत आले. त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं आणि भिंतीला पाणी मारलं, कारण सोमवार होता. नंतरचे दिवस मात्र ते माझ्या आसपास वावरत राहिले, आणि कोथिंबीर संपली तरी दोन दिवस कुणी आणली नाही.

तीस मार्चला सकाळी मनस्वी आली. हे लगबगीनं पुढं झाले, बाल्कनीचं दार उघडून दिलं आणि इतक्या महिन्यांनी संधी मिळाली म्हणून कठड्याला टेकून अजिंक्यतारा बघत उभे राहिले. तिनं गुडघे टेकले. सांधा गुळगुळीत. तिनं माझ्याकडं न बघता कॅमेरा काढला.

"फोटो नंतर काढ," मी म्हटलं. "आधी हे वाच. तुमच्याच कंपनीचा कागद आहे."

सचिवानं पाठवलेली यादी मी तिच्या हातात दिली. अकरा संदेश. प्रत्येकाची तारीख आणि भेगेची रुंदी. पहिला तीन वर्षांपूर्वीचा, मिलिमीटरचा दहावा हिस्सा. मग दोन हिस्से, मग तीन. शेवटचा फेब्रुवारीतला, आठ हिस्से. ती भेग मी पाहिलीच नव्हती, कारण दाराला कडी होती, आणि पाणी मारायला हे एकटेच जात होते.

मनस्वी वाचता वाचता उठून उभी राहिली. पुन्हा वरून वाचलं. मग कागद घडी घालून खिशात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, आत या."

"हवा छान सुटलीय बघ..."

"काका, आधी आत या." तिनं ह्यांचा दंड धरला आणि त्यांना हॉलमध्ये आणून खुर्चीत बसवलं. 

"रविवारी तुमच्याकडं काय असतं?" कागद पुन्हा काढून, मोबाईलवर तारखा ताडत तिनं विचारलं.

"का?"

"अकराच्या अकरा तारखा रविवारच्या आहेत."

मी कागद पुन्हा घेतला आणि कॅलेंडर काढून ताडून बघितलं. खरंच होतं. बत्तीस वर्षांत मी लाखभर तारखा लिहिल्या असतील, वार एकदाही लिहिला नाही. आवक रजिस्टरात वाराचा रकाना नसतो.

"रविवारी पत्ते असतात," हे म्हणाले. "चौघं बसतो."

"कडी घातल्यावरही?" मी विचारलं.

हे खुर्चीत लहान झाले. "तू हळदीकुंकवाला गेली होतीस. एकदाच. लई दिवस झाले होते गं."

मनस्वीनं आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. बाल्कनी म्हणजे पुढं धरलेला हात. हातावर ओझं ठेवलं की ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. म्हणून बाल्कनीच्या सळ्या वरच्या अंगाला हव्यात. पण काँक्रीट ओततानाच माणसं सळ्यांच्या जाळीवर उभी राहतात, आणि कुणाचं लक्ष नसेल तर जाळी दबून खाली जाते. वरून काहीच कळत नाही. चार माणसं बसली की सांधा उघडतो, माणसं उठली की जिवाणू तो बुजवतात. "पण चुना भेग भरतो काकू, भार पेलत नाही. आणि दर वेळी खाणं कमी होतंय. संपलं की भेग तशीच उघडी राहील, पाणी सळ्यांपर्यंत जाईल, आणि मग बाल्कनी खाली येईल."

"हे सगळं कंपनीला माहीत होतं?" मी विचारलं.

"सचिवाला होतं. मला फक्त घराचा पत्ता आणि वेळ मिळते."  "त्याला आम्ही एवढंच शिकवलं होतं, की तपासणीत कमीत कमी दोष निघाले पाहिजेत. आम्हाला म्हणायचं होतं, घरं चांगली बांधा. भेग कधी भरते ते भिंत त्याला सांगते. मग तो बरोबर त्यानंतरची तारीख देतो. कुणी सांगितलं नाही त्याला, त्याचं तोच शिकला."

मग तिनं पिशवीतून एक यंत्र काढलं. काँक्रीटच्या आत सळई किती खोल आहे ते दाखवणारं. दीडशे घरांत ते एकदाही बाहेर निघालं नव्हतं, कारण सचिवाच्या सूचनेत फक्त फोटो असायचे. दारात पालथं पडून, नुसता हात लांब करून, तिनं ते सांध्यावरून फिरवलं. सळई वरून दोन-तीन सेंटिमीटरवर लागायला हवी होती. यंत्रानं अकरा दाखवले. तिनं तीन ठिकाणी मोजलं आणि तिन्ही ठिकाणी तेच.

"पण बाई," मला राहवेना, "तपासणीत दोष दिसला पाहिजे, असं कलम आहे."

"दिसला पाहिजे असं नाहीये. आढळला पाहिजे असं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच वाचून दाखवलं होतं मला, दुसऱ्या वेळी." आणि तिनं माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून अहवाल लिहिला. दोष आढळला. तो पाठवताना तिनं क्षणभर बोट अधांतरी धरलं. दीडशे घरांत पहिल्यांदा ती तो शब्द लिहीत होती.

मी तिच्याकडून आवक क्रमांक मागून घेतला. सवय.

पुढचं सगळं पटापट झालं. एप्रिलमध्ये बाल्कनी फोडली, तेव्हा सळ्या तळाशी निजलेल्या सापडल्या. त्याआधीच, एकतीस मार्च संपायच्या आत, इमारतीतल्या चाळीस घरांनी माझ्या पत्राची नक्कल करून आपापल्या भिंतींचा पत्रव्यवहार मागवला. मी प्रत्येकाला बजावलं, वेगळी नोटीस लिहीत बसू नका, ते पत्रच नोटीस धरलं जातं. नऊ बाल्कन्या तशाच निघाल्या. कंपनीनं सचिवाला नवं शिकवलं, आता भिंतीचा संदेश आला की तीन दिवसांत माणूस येतो. मनस्वी अधूनमधून चहाला येते, आणि तिची पिशवी आता हलकी असते, कारण यंत्र हातातच असतं.

जूनच्या शेवटी नवी बाल्कनी तयार झाली. खुर्ची तिच्या जागी गेली. पहिल्याच रविवारी ह्यांनी तिघा मित्रांना नुसतं पत्त्यांना नाही, जेवायलाच बोलावलं, आणि मला सांगितलं साडेअकराला. कुकर लावायला घेतला होता, तेवढ्यात.

 डाळ धुतली, कुकरचं झाकण जरा जोरात लावलं. ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं आणि दाराकडं गेले. चपलांचा आवाज आला. मी मनात म्हटलं, चालले कोथिंबिरीला.

मग चपला काढल्याचा आवाज आला. कपाट उघडलं. हे परत आले, तेव्हा त्यांच्या एका हातात माझी कोरी वही होती आणि दुसऱ्या हातात लोखंडी शिक्का.

"हा कधी मिळाला तुला?"

"समारंभात."

त्यांनी आजची तारीख लावायला चाकं फिरवायचं मनात आणलं असावं. शिक्का उलटा करून डोळ्यांजवळ नेला, आणि तसेच थांबले. तो मी घरी आणला तेव्हापासून कुणी फिरवला नव्हता. त्यावर एकतीस मे होती.

 मग चाकं न फिरवताच त्यांनी शिक्का वहीच्या पहिल्या पानावर दाबला. शाई कधीच वाळून गेली होती, तारीख कागदावर नुसती खोलगट उमटली. त्यावर बोट ठेवून हे म्हणाले, "आवक क्रमांक एक. उशिरा आलोय, मला माहीत आहे. सांग."

मी म्हणणार होते, काही नाही. अगदी ओठांवर आलं होतं. पण वही उघडी होती, आणि आलेला कागद त्याच दिवशी नोंदवायचा हा माझाच नियम होता.

मी सांगायला लागले. पुढच्या रांगेतली मोकळी खुर्ची सांगितली, तिच्यावर कुणीतरी पर्स ठेवली होती ते सांगितलं. तोवर तिघे मित्र आले, बाहेर नव्या बाल्कनीत त्यांचे पत्ते पिसून झाले, कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या, आणि हे कुठंही गेले नाहीत.